दव गोठलंय, जरा थांबा!

प्रश्न : डिसेंबरअखेर मी आणि सौ. मुलाकडे अमेरिकेत फिनिक्सला गेलो होतो. मुलाला गोल्फचं वेड. एका रविवारी सकाळी सात-चाळीसची वेळ घेऊन तो मला हौसेनं सोबत घेऊन गेला. कुडकुडत पोचलो, तर काउंटरवर पाटी : ‘फ्रॉस्ट डिले’, म्हणजे हिमकणांमुळे उशीर. पन्नास-साठ माणसं निवांत कॉफी पीत बसलेली. कुणीच कुरकुर करत नव्हतं, याचं मला नवल वाटलं. माझा मोबाइल तापमान तीन अंश दाखवत होता, तरी मैदान पांढरंशुभ्र! फोटो काढावा म्हणून सरावाच्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीवर) दहा-बारा पावलं आत गेलो, तर एक गृहस्थ हातवारे करत धावत आले. ‘सॉरी’ म्हणून मागे फिरलो. पावणेदोन तासांनी खेळायला सोडलं. मागच्या आठवड्यात मुलानं त्या ग्रीनचा फोटो पाठवला. त्यावर पिवळ्या पावलांची रांग आहे, आत जाणारी आणि बाहेर येणारी. खाली त्यानं लिहिलंय, ‘बाबा, तुमची सही.’ माझे प्रश्न असे : तापमान शून्याच्या वर असताना, तेही वाळवंटात, हिमकण पडतातच कसे? माझ्या पावलांनी एवढं काय बिघडलं? महिनोन्‌महिने बर्फाखाली राहणारं गवत तर जगतं! आणि एवढा श्रीमंत खेळ, तर पाणी मारून हे हिमकण घालवता येत नाहीत का?
– एक वाचक, निगडी, पुणे

(हे पत्र गेल्या अंकात छापून आम्ही वाचकांकडून पूरक प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

उत्तर : आधी तुमच्या मोबाइलची बाजू घेतो. तो खोटं बोलत नव्हता. हवामानाच्या बातमीतलं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, आडोशाच्या जाळीदार पेटीत मोजलेलं असतं. म्हणजे ते तुमच्या छाती-डोक्याजवळच्या हवेचं तापमान. गवताची पाती मात्र जमिनीलगत, उघड्या आभाळाखाली असतात आणि तिथला हिशेब वेगळा असतो.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना हा हिशेब अंगानं ठाऊक आहे. मध्यरात्रीनंतर अंथरूण गार पडतं, पहाटे चादर ओढावी लागते. शेजारी पत्र्याच्या शेडखाली झोपलेल्याला मात्र चादर लागत नाही. हवा दोघांच्या भोवती तीच. फरक डोक्यावर काय आहे याचा. प्रत्येक वस्तू रात्रभर आपली उष्णता वर सोडत असते. वर छप्पर, झाड किंवा ढग असला तर तो त्यातली बरीच परत देतो. निरभ्र आभाळ फारच थोडी परत देतं. गवताचं पातं पातळ, त्याच्याजवळ उष्णतेची साठवण नाही, त्यामुळे ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. वारा असेल तर वरची ऊबदार हवा खाली येऊन त्याला सावरते. वारा पडला की तोही आधार जातो. अशा रात्री छातीजवळ तीन अंश आणि गवतावर शून्याखाली एखादा अंश असणं अगदी नेहमीचं.

पातं शून्याखाली गेलं की हवेतली वाफ त्यावर पाणी न होता थेट बर्फाच्या बारीक सुयांच्या रूपात बसते. कधी आधी दव पडतं आणि मग ते गोठतं. आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हींना ‘दवबिंदू गोठले’ म्हणतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा लिंगमळ्याच्या बाजूला हिवाळ्यात एखाद्या पहाटे होड्यांच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो तो हाच. त्याच पहाटे गावातला पारा कितीतरी वर असतो. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला लागते आणि सखल जागी साचते. गोल्फच्या मैदानातही खोलगट जागचं ग्रीन सगळ्यांत आधी पांढरं होतं.

आता वाळवंट. आपल्या मनात वाळवंट म्हणजे ऊन. पण कोरडी हवा आणि ढग नसलेलं आभाळ ही दिवसा तापायला जितकी सोयीची, तितकीच रात्री निवायलाही सोयीची. फिनिक्स शहरात १९१३ च्या जानेवारीत पारा शून्याखाली जवळजवळ नऊ अंशांपर्यंत उतरला होता. हिमकण पडायला हवेत ओल लागते, ती तिथल्या मैदानांना माणसानंच पुरवलेली असते. पाणी देऊन जोपासलेली हिरवळ भोवती स्वतःचा ओलावा धरून असते. म्हणून एक गंमत पाहायला मिळते : ग्रीन पांढरं, ग्रीनकडे नेणारा हिरवळीचा पट्टा म्हणजे फेअरवे पांढरा आणि कडेची खडी, निवडुंग कोरडे ठणठणीत. पांढऱ्याची हद्द पाहून पाणी कुठपर्यंत दिलं जातं ते सांगता यावं, इतकी ती नेमकी असते.

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला चकवते. रात्रीचं सगळ्यांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा उजाडल्यानंतर काही मिनिटांनी असतं. कोवळं ऊन जितकं देतं त्याहून जमीन अजून जास्त गमावत असते. त्यामुळे साडेसहाला हिरवं दिसलेलं ग्रीन सव्वासातला पांढरं झालेलं असू शकतं. आलेल्या खेळाडूंना वाटतं, आता उजाडलं, सोडा की! मैदान सांभाळणारा मात्र तेव्हाच सगळ्यांत जास्त सावध असतो.

आता तुमच्या पावलांकडे येऊ.

फ्रीजरमध्ये चुकून राहिलेली कोथिंबीर आठवा. बाहेर काढल्या काढल्या चिमटीत धरली तर भाजलेल्या पापडासारखी चुरा होते. दहा मिनिटं ओट्यावर ठेवली तर काळपट, लिबलिबीत होऊन पडते. कारण पानाच्या पेशींमधलं पाणी बर्फ झालं, बर्फानं पेशींच्या भिंती फाडल्या आणि वितळल्यावर आतला रस बाहेर आला. फ्रीजर शून्याखाली अठरा अंशांवर असतो, म्हणून कोथिंबिरीला वाचायची संधीच नसते. गवताचं तसं नाही. थंडीला सरावलेल्या गवताच्या पेशी आतला रस साखरेनं दाट करून ठेवतात. बर्फ आधी पेशींच्या मधल्या पोकळीत धरतो आणि पेशी थोडं पाणी सोडून अंग चोरून बसतात. शून्याखाली एखाद-दोन अंश ही अशा गवताला फारशी मोठी गोष्ट नाही. कुणी हात लावला नाही, तर ऊन वर आल्यावर तेच पातं काही झालंच नाही अशा थाटात हिरवं उभं राहतं.

अडचण आहे ती वजनाची. एरवी गवत पायाखाली वाकतं आणि उठतं, कारण पेशी पाण्यानं भरलेल्या फुग्यांसारख्या लवचीक असतात. गोठलेलं पातं वाकत नाही, मोडतं. वर सुयांचा थर, आत बर्फ, त्यावर पंचाहत्तर किलोचा माणूस. बर्फाचे कण पेशींत घुसतात आणि त्या फुटतात. म्हणजे गवत मारायचं काम हिमकणांनी अर्धंच केलेलं असतं, बाकीचं आपण बुटांनी पुरं करतो.

यातला फसवा भाग असा की त्या क्षणी काहीच दिसत नाही. पांढऱ्या हिरवळीवर पाऊल टाकलं की सुया दबतात आणि खालचा गर्द हिरवा ठसा दिसतो. तुम्हाला वाटतं, उलट छान हिरवं झालं! दुपारी ग्रीन सगळीकडे सारखंच. मग जिथं पाय पडला तिथलं पातं जांभळट-काळपट होऊ लागतं, पुढच्या काही दिवसांत वाळक्या पेंढ्याच्या रंगावर येतं आणि बुटाचा नंबर मोजता येईल इतका स्वच्छ ठसा उमटतो. फोटोग्राफीच्या जुन्या अंधाऱ्या खोलीत कागदावर चित्र सावकाश वर येतं, तसं. म्हणून रविवारी धावत आलेले गृहस्थ तुमच्यावर चिडले नव्हते. आठवड्यानंतर दिसणारं चित्र त्यांना आधीच दिसत होतं.

हे नुकसान बहुतेक वेळा पात्यापुरतं असतं. गवताचा जीव जमिनीलगतच्या त्याच्या गड्ड्यात असतो, तो वाचला की नवी पाती फुटतात आणि मेलेली पाती कापणीत निघून जातात. पण थंडीत वाढ जवळजवळ थांबलेली असते. जी जखम सप्टेंबरात आठवड्याभरात बुजली असती, ती जानेवारीत कित्येक आठवडे तशीच राहते. त्यातच ग्रीनवरचं गवत फार आखूड असतं. साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढीच उंची. एवढ्याशा पात्यावर झाडाला सगळा स्वयंपाक करायचा असतो. तेच चिरडलं तर उरलं काय? चौघांचा गट एका ग्रीनवर काही शे पावलं टाकतो, आणि बहुतेक सगळी भोकाच्याच आसपास. असे चार-पाच गट घाईनं सोडले तर अठरा ग्रीनवर किती सह्या होतील, त्याचा हिशेब तुमचा तुम्ही करा. गाड्यांची चाकं तर याहून वाईट, दोन सलग पिवळे पट्टे उमटतात.

‘मग बर्फाखालचं गवत कसं जगतं?’ हा तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण उत्तर त्यातच आहे. तिथं कुणी चालत नाही. भुसभुशीत हिम ही गवताची गोधडी आहे. वरची हवा उणे वीस असली तरी खाली तापमान शून्याच्या जवळपास राहतं. त्रास होतो तो काचेसारख्या घट्ट बर्फाचा. तो हवा कोंडतो आणि खाली विषारी वायू साचतात. ग्रीनवर बिनबोलावता शिरणारं ‘पोआ अ‍ॅन्युआ’ नावाचं गवत अशा बर्फाखाली दोन महिन्यांच्या आसपास जीव सोडतं. मुद्दाम लावलेलं ‘क्रीपिंग बेंटग्रास’ त्यापेक्षा बरेच जास्त दिवस तग धरतं. उत्तर अमेरिकेतल्या थंड भागातले मैदानवाले म्हणूनच बर्फ पडल्याच्या तारखेपासून दिवस मोजत असतात.

खरी धास्ती पुढची असते. हिवाळा सरता सरता वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर दुपारी वितळतो आणि खालची जमीन अजून दगड असते. पाणी खाली मुरत नाही, वर चिखल. अशा वेळी पाऊल पडलं, की शेवाळलेल्या फरशीवर पायपुसणं सरकावं तसा वरचा थर मुळांसकट सरकतो आणि खालच्या गोठलेल्या मातीत अडकलेली मुळं तुटतात. वरून काही दिवस सगळं हिरवं दिसतं, पण आत मुळं गेलेली असतात. म्हणून हिमकण वितळायला दोन तास थांबवणारा मैदानवाला अशा वितळत्या दिवसांत ग्रीन सबंध दिवस बंद ठेवतो. ब्रिटनमध्ये तर बऱ्याच ठिकाणी फेअरवेवरच एक तुकडा कापून तात्पुरतं ग्रीन करतात, अशा दिवसांत झेंडा तिथं लावतात आणि मूळ ग्रीनला विश्रांती देतात. खेळाडूंना तो खडबडीत तुकडा मुळीच आवडत नाही, पण वसंतात चांगलं ग्रीन मिळावं म्हणून ते सोसतात.

आता पाणी मारण्याबद्दल. द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. निफाडला पारा घसरला की बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी सोडतात, कारण जमिनीतून आलेलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार असतं. गोल्फच्या मैदानातही फवारे हलकेच फिरवून हिमकण धुता येतात. अट एकच : हवा शून्याच्या वर हवी आणि चढत्या पाऱ्याची हवी. हवा शून्यावर रेंगाळत असेल तर तेच पाणी ग्रीनवर काचेचा थर होऊन बसतं आणि थांबण्याचे दोन तास चार होतात. शिवाय नळ्या, तोट्या गोठलेल्या असतील तर त्या फुटायची भीती. काही ठिकाणी आदल्या संध्याकाळी ग्रीनवर कापड अंथरतात. ते पहाटे काढायला माणसं लागतात, आणि अठरा ग्रीन रोज झाकणं-उघडणं हे लग्नाचा मांडव रोज घालून उतरवण्यासारखं आहे. त्यामुळे जगातल्या बहुतेक मैदानांवर एकच उपाय चालतो, तो फुकटचा आहे आणि पूर्वेकडून येतो.

तो पूर्वेकडूनच येतो, म्हणून झाडांचा प्रश्न निघतो. डोक्यावर झाड असेल तर हिमकण कमी पडतात, हे गच्ची-शेडच्या हिशेबानं कळलंच. पण तेच झाड ग्रीनच्या पूर्वेला किंवा आग्नेयेला असेल, तर सकाळचं ऊन अडवून धरतं. सतरा ग्रीन मोकळी झाली आणि अठरावं सावलीत पांढरं राहिलं, तरी मैदान उघडता येत नाही, कारण खेळाडू फिरत फिरत तिथं पोचणारच. शहाणा मैदानवाला हिवाळ्यात कोणतं ग्रीन सगळ्यांत शेवटी सुटतं हे टिपून ठेवतो आणि मग त्या एका झाडाची फांदी छाटायची परवानगी मागत फिरतो. झाडावर जीव असलेले सभासद सगळीकडेच असतात, तेव्हा ही परवानगी हिमकणांहून जास्त वेळ खाते.

आणि हो, एवढी माणसं कॉफी पीत का बसली होती? फिनिक्स भागात हिवाळा हाच गोल्फचा हंगाम. उत्तरेकडची हजारो माणसं थंडी चुकवायला तिकडे येतात. दर दहा मिनिटांनी चौघांचा एक गट सुटतो असं धरलं, तर पावणेदोन तासांत दहा गट, म्हणजे चाळीस माणसं अडकली. प्रत्येकाची वेळ तेवढीच पुढे ढकलायची, तर अठरा भोकांना चार-साडेचार तास लागतात आणि डिसेंबरात तिथं साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे सकाळच्या हिमकणांची किंमत संध्याकाळचे गट अंधारात मोजतात. कधी सगळ्यांना वेगवेगळ्या भोकांवर नेऊन एकाच वेळी खेळ सुरू करून ही कोंडी फोडतात. मोठ्या स्पर्धांनाही यातून सुटका नाही. २०११ साली फिनिक्स ओपन स्पर्धेत थंडीच्या लाटेनं मैदान इतकं गोठलं, की सकाळचा खेळ वारंवार उशिरा सुरू झाला. रविवारी संपायची स्पर्धा सोमवारवर गेली आणि तेव्हा मार्क विल्सननं जेसन डफनरला जादा भोकांवर हरवलं. लाखो डॉलरचा खेळ आणि टीव्हीचं वेळापत्रक, दोन्हींना तीन मिलिमीटरच्या गवतानं थांबवलं.

आता पूरक प्रश्न.

प्रश्न : ग्रीनवर माझ्या चेंडूच्या वाटेत हिमकण असतील तर हातानं पुसले तर चालतात का? बर्फाचा खडा उचलता येतो असं ऐकलं आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते बरोबर, पण ते अर्धंच. गोल्फच्या नियमांत हिम आणि नैसर्गिक बर्फ यांना सुटा अडथळा मानायचं की साचलेलं पाणी, हे खेळाडूनं ठरवायचं. सुटा अडथळा मानलात तर उचलून बाजूला ठेवता येतो. दव आणि हिमकण मात्र यांतल्या कशातच बसत नाहीत. ग्रीनवर आपल्या वाटेतले हिमकण पुसून सोय करून घेतली तर दंड बसतो. जिथून पहिला फटका मारतात त्या टीच्या जागेत मात्र दव-हिमकण झटकायला मुभा आहे.

प्रश्न : थंडीत चेंडू जवळच पडतो, हा खेळाडूंचा बहाणा की खरंच?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरंच आहे, बहाण्याला जागा थोडी. शून्य अंशाची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा साधारण अकरा टक्के जड असते, म्हणजे चेंडूला तेवढी जास्त दाट हवा कापत जावं लागतं. चेंडूच्या आतलं रबर थंडीत ताठरतं आणि फटक्याची उसळी कमी परत देतं. त्यात खेळाडूनं अंगावर तीन स्वेटर चढवलेले, तेव्हा खांदा काय फिरणार! म्हणून जाणते लोक चेंडू रात्री गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवतात. पण मैदानावर शेगडी-हीटरनं चेंडू तापवून खेळलात तर नियमाप्रमाणे थेट बाद. दुसरी मजा जमिनीची. गोठलेल्या मैदानावर चेंडू सिमेंटवर पडल्यासारखा उसळतो. हवेत हरवलेले मीटर तो जमिनीवर कमावतो, पण ग्रीनवर टप्पा घेऊन थांबायच्या ऐवजी मागच्या झुडपात जातो.

प्रश्न : गोल्फचं गवत म्हणजे विलायती असणार. आपल्या हरळीला तिथं कोण विचारतो?
– एक शेतकरी वाचक, बारामती

उत्तर : ज्या हरळीला शेतकरी शिव्या घालतो आणि जिच्या एकवीस जुड्या गणपतीला वाहतो, तीच! जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर ‘बर्म्युडा ग्रास’ या नावानं तीच मिरवते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन यांनी तिचा दक्षिण आफ्रिकेतल्या एका बारीक पात्याच्या भावंडाशी संकर केला. त्यातून १९५६ मध्ये ‘टिफग्रीन’ आणि १९६० मध्ये ‘टिफवे’ हे वाण आले आणि दक्षिणेकडची मैदानं बदलून गेली. तुम्ही शेतकरी आहात म्हणून आणखी सांगतो. याच बर्टन यांनी बाजरीवरही काम केलं. त्यांच्या ‘टिफ्ट २३ए’ या वाणाचा आधार घेऊन लुधियानाला तयार झालेली ‘एचबी-१’ ही आपल्याकडची पहिली संकरित बाजरी १९६५ मध्ये आली. म्हणजे भाकरी आणि गोल्फचं मैदान यांचा पाहुणा एकच.

हरळीला थंडी मानवत नाही. मातीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की ती हिरवेपणा सोडते आणि पहिल्या हिमकणांनी पिवळी-तपकिरी पडते. ती मेलेली नसते, जमिनीखालच्या कांड्यांत झोपलेली असते. फिनिक्सला बऱ्याच ठिकाणी शरद ऋतूत तिच्यावरच ‘रायग्रास’चं बी पेरतात, कारण पाहुण्यांना हिरवं मैदान हवं असतं. हिमकणांत जपायचं असतं ते या वरच्या जाग्या गवताला. झोपलेल्या हरळीचं वाळकं पातं मोडलं तर तिचं फारसं बिघडत नाही.

प्रश्न : भारतात कुठे ‘फ्रॉस्ट डिले’ होतो का?
– एक विद्यार्थिनी, पाचगणी

उत्तर : पुणे-मुंबईच्या मैदानांना हा प्रश्न पडत नाही. दिल्ली-चंदीगडकडे हिवाळ्यात खेळ अडतो तो जास्त करून धुक्यानं, कारण मारलेला चेंडू दिसतच नाही. उटीच्या गवताळ माळांवर डिसेंबर-जानेवारीत पहाटे हिमकण पडतात, तिथं लवकर उठणाऱ्यानं पाय जपून टाकावा. गुलमर्गचं मैदान तर अडीच हजार मीटरच्याही वर. हिवाळ्यात ते हिमाखाली जातं, गोल्फच्या काठ्या आत जातात आणि स्कीच्या पट्ट्या बाहेर येतात. हिमातही गोल्फ खेळायची खुमखुमी असलेला एक गृहस्थ मात्र आपल्या मुंबईत जन्मलेला होता. रुडयार्ड किपलिंग. १८६५ साली मुंबईत जन्मलेले किपलिंग १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहत होते. घराचं नावही ‘नौलखा’! तिथल्या हिवाळ्यात पांढरा चेंडू हिमात हरवू नये म्हणून ते चेंडू लाल रंगवून खेळत, असं गोल्फच्या इतिहासात सांगतात. त्यांचं गवत जाड हिमाखाली गोधडी पांघरून झोपलेलं होतं, म्हणून त्यांना कुणी हाकललं नसावं.

शेवटी पुन्हा निगडीच्या वाचकांकडे. पुढच्या खेपेला गेलात आणि पाटी दिसली, तर एवढंच करा. डांबरी वाटेवरून फिरा, सराव करायचा तर चटईवरून मारा, ‘बघू तरी किती गोठलंय’ म्हणून बुटाचं टोक हिरवळीवर घासू नका. मैदानाची काळजी घेणाराही ग्रीनच्या कडेला उकिडवा बसून बोटांनी पातं चाचपतो, आत जात नाही. फोटो काठावरून चांगला येतो, मोबाइलला झूम असतं.

आणि चिरंजीवांचा फोटो पुसू नका. वाढ सुरू होऊन चार-सहा कापण्या झाल्या की त्या सह्या फिकट होतील. ते ग्रीन हरळीचं असेल, तर उन्हाळा लागताच रायग्रास मागे पडेल, खालची हरळी जागी होऊन वर येईल आणि तुम्ही तिथं गेला होतात याचा पुरावा तेवढा तुमच्या मोबाइलमध्ये उरेल.